प्रदेहास अनावृत पत्र

प्रिय प्रदेहा,

बीजकाची, म्हणजे फुलातल्या होऊ घातलेल्या बीची, आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. मधला गर्भकोश रंगीत खडूनं, बाहेरची अध्यावरणं ठसठशीत, आणि दोहोंमधल्या ऊतीसाठी, म्हणजे तुझ्यासाठी, चार ठिपके नि एक बाण. त्या ठिपक्यांची बोच आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात तुझ्यातच होते. तुझ्यात दडलेली एक पेशी मोठी होते, अर्धसूत्रणानं तिच्या चार होतात. बहुतेक सपुष्प वनस्पतींत त्यांतल्या तीन मरतात आणि उरलेल्या एकीतून गर्भकोश घडतो. फलनानंतर त्यात वाढणाऱ्या भ्रूणात बापाचा निम्मा वाटा असतो. तू मात्र सगळा आईच्या देहाचा.

बी वाढताना तू बहुधा संपत जातोस. एरंडात तुझं हे जाणं फार बारकाईनं पाहिलं गेलं आहे. पुष्क, म्हणजे पुढे ज्यात तेल साठतं तो गर, वाढत तुझ्यापर्यंत येतो. त्याच्या लगतच्या तुझ्या पेशींत इवल्या पिशव्या दिसू लागतात. त्यांना रिसिनोसोम म्हणतात; एरंडाच्या ‘रिसिनस’ या शास्त्रीय नावावरूनच. प्रथिनं तोडणारं विकर त्यांत कोंडलेलं असतं. केंद्रकातल्या डीएनएचे तुकडे होतात, रिक्तिका फुटते, पेशीरस आम्लधर्मी होतो आणि पिशव्या उघडतात. ते विकर पेशीभित्तिकेतली प्रथिनंही तोडतं. उरतो चेपलेल्या भित्तिकांचा पातळ थर. विरघळलेलं सारं पुष्काच्या कडेच्या पेशी शोषून घेतात. त्यासाठी त्यांच्या भित्तिका आतल्या बाजूला वाढून खडबडीत झालेल्या असतात. याला कुजणं म्हणायला माझी जीभ धजत नाही. आई स्वतःचं शरीर मोजूनमापून वाटून देते आहे.

सगळीकडे तू संपतही नाहीस. मिऱ्याचा दाणा फोडला की आतला पिठूळ पांढरा भाग बहुतांशी तूच असतोस. आणि जंबेरी या लिंबूवर्गीय झाडात तुझ्या पेशींतूनच थेट भ्रूण उगवतात, रोपं हुबेहूब आईसारखी! विदर्भातल्या रोपवाटिकांत जंबेरीचे एकसारखे खुंट मिळतात ते त्यामुळेच. त्यांवर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. बीजकाच्या आकृतीशेजारी वाढत्या बीची दुसरी आकृतीही काढा आणि प्रदेह जिथे होता, तिथली चेपलेली रेघ मुलांना बोट ठेवून दाखवा.

तुझी,
एक वनस्पतिशास्त्र शिक्षिका