टाकीतल्या जित्राबांची राखण

संपादकांनी बजावलं होतं, "सांडपाण्यावर लिहा, पण सोपं लिहा." लिहायला बसले आणि गेल्या पावसाळ्यातली ती पहाट आठवली.

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीचं सामुदायिक प्रक्रिया केंद्र. पहाटे साडेचारला ऑपरेटरचा फोन आला, "मॅडम, टाकी गेली." जाऊन पाहते तर एरेशन टँकवर पांढरा फेस चढलेला. एरवी या टाकीतलं पाणी चॉकलेटी असतं, त्याला ओल्या मातीचा वास येतो. त्या दिवशी ते राखाडी झालं होतं आणि सॉल्व्हंटच्या वासानं नाक झोंबत होतं. लिटरच्या मापात पाणी भरून अर्धा तास ठेवलं. निरोगी गाळ एवढ्या वेळात खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. इथे वरपासून खालपर्यंत गढूळच. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला. व्हॉर्टिसेला नावाचे घंटेच्या आकाराचे जीव देठावर डुलताना दिसतात; एकही हलत नव्हता.

लोकांना वाटतं, केंद्र म्हणजे यंत्र. बटण दाबलं की पाणी शुद्ध. अहो, तो गोठा आहे! त्यातली जित्राबं म्हणजे जिवाणू. ते पाण्यातला सेंद्रिय मळ खातात. त्यांना हवा लागते, नायट्रोजन-फॉस्फरसचा खुराक लागतो. त्या रात्री पावसाचा जोर बघून कुणीतरी साठवलेलं तीव्र सांडपाणी सोडलं होतं. कुणी, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. सव्वीस वर्षं या कामात आहे, तरी ते अजून सलतं.

दुसरा गैरसमज रंगाचा. आसवनीचं काळं पाणी पाहून गाव खवळतं, आणि खवळावंच. पण त्यातल्या सेंद्रिय भागापासून निदान बायोगॅस तरी मिळतो. रसायन कारखान्यातलं विहिरीसारखं नितळ पाणी त्याहून घातक असू शकतं. आम्ही दोन आकडे बघतो. सीओडी म्हणजे रसायनानं जाळता येणारा एकूण मळ. बीओडी म्हणजे २७ अंशांवर तीन दिवसांत जिवाणू खातील तेवढा. बीओडी हा सीओडीच्या ०.३ पटीहून कमी भरला, की समजावं, हे अन्न जित्राबांना पचायचं नाही.

आणि पाणी मिसळून मळ पातळ करणं! यावर मी प्रत्येक बैठकीत भांडते. नदीत सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. समजा, एक लाख लिटर सांडपाणी आहे, सीओडी १०००. म्हणजे १०० किलो. त्यात तीन लाख लिटर चांगलं पाणी ओता. आकडा २५०, अहवाल उत्तम. नदीत गेले किती? तेच १०० किलो, वर तीन लाख लिटर चांगलं पाणी नासलं. जलप्रदूषणाचा कायदा १९७४चा. पन्नास वर्षं उलटली, तरी हा हिशेब मला पाटीवर मांडून दाखवावा लागतो.

उपाय कारखान्याच्या आतच आहे: तीव्र पाणी उगमापाशीच वेगळं काढा, सॉल्व्हंट ऊर्ध्वपातनानं परत मिळवा, उरलेलं तेवढंच आमच्याकडे पाठवा.

त्या मेलेल्या टाकीसाठी आम्ही दुसऱ्या केंद्रातून जिवंत गाळाचे टँकर आणले, शेणकाला घातला, गूळ आणि युरिया दिला. बाविसाव्या दिवशी ऑपरेटरनं मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. एक व्हॉर्टिसेला डुलत होती. तो काही बोलला नाही, डोळे पुसून टाकीकडे गेला.

अजूनही रात्री पावसानं जोर धरला की मी त्याला फोन करते, "आत येणाऱ्या पाण्याचा पीएच किती?"