पिवळं व्हॅनडेट

इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचतो तो टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवून. ते चिकटवणाऱ्या कायनेजांवर मी उमेदीची वर्षं घालवली. फॉस्फेट काढणारी फॉस्फटेजं माझ्या लेखी मागून आवराआवर करणारी मंडळी. व्याख्यानात त्यांच्या वाट्याला शेवटची स्लाइड यायची, तीही वेळ उरला तर.

तसं वाचलं सगळं होतं. पीटीपी1बी या फॉस्फटेजाचं जनुक काढलेले उंदीर इन्सुलिनला जास्त दाद देतात, तुपकट खाऊनही फारसे लठ्ठ होत नाहीत, हे 1999 मध्येच छापून आलं होतं. सीडी45 हे फॉस्फटेज तर फॉस्फेट काढूनच टी-पेशीतल्या एका कायनेजला जागं करतं. वाचलं आणि फाइलला लावलं.

तेव्हा मी हैदराबादला, विद्यानगरात राहायचो. एका झाडपाल्याच्या अर्काने इन्सुलिन रिसेप्टरवरचं फॉस्फेट नाहीसं होतं, असं प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणारे आमचे ब्लॉट सांगत होते. नुसत्या इन्सुलिनची पट्टी काळीभोर, अर्कवाली जेमतेम. मी लगोलग परिषदेला सारांश धाडला.

पेशी फोडल्या की फॉस्फटेजं मोकाट सुटतात आणि बर्फावरही कामाला लागतात. त्यांना रोखायला बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनडेट घालतात. ते फॉस्फेटसारखंच दिसतं, म्हणून एंझाइमच्या खाचेत जाऊन बसतं. पण आधी पीएच 10 वर आणून रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड झाल्यावर पीएच पाहून पुन्हा तेच. पिवळं राहिलं तर त्याचे रेणू दहा-दहाच्या झुबक्यात अडकलेले असतात आणि रोखण्याचं काम धड होत नाही.

माझी विद्यार्थिनी नांदेडची. बाटली उजेडात धरून म्हणाली, "सर, हे पिवळसर दिसतंय."

"अगं, दिसू दे. संध्याकाळी ब्लॉट हवाय मला."

त्यात बफरमध्ये डीटीटी हे रसायन घालायला मीच सांगितलेलं. ते उरलंसुरलं व्हॅनडेटही निकामी करतं. शिवाय सगळ्या पेशी एकदम फोडायच्या आणि अर्काचे नमुने सर्वांत शेवटी उकळायचे, ही आमची रीत. फॉस्फटेजं थांबतात ती उकळल्यावर. म्हणजे फॉस्फेट झडायला सर्वांत जास्त वेळ त्यांनाच. अर्काचा गुण म्हणून मी जो मिरवत होतो, तो रांगेत शेवटी उभं राहण्याचा परिणाम होता.

व्हॅनडेट या फॉस्फटेजांना रोखतं, हे दाखवणाऱ्या 1982 च्या निबंधाचे पहिले लेखक घनश्याम स्वरूप. ते याच शहरात, हबसीगुड्याच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत, फॉस्फटेजांवरच काम करत होते. विद्यानगरहून तार्नाका ओलांडला की आलंच. गेलो नाही. कायनेजवाल्याने फॉस्फटेजवाल्याला काय विचारायचं!

व्हॅनडेट नीट उकळून, नमुन्यांचा क्रम उलटसुलट करून प्रयोग पुन्हा केला. सगळ्या पट्ट्या सारख्या. सारांश मागे घेतला. तोवर विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती संपत आली होती. तिने पीएचडी दुसरीकडे केली. तिच्या पहिल्या निबंधात आभाराच्या यादीत माझं नाव नव्हतं. बफरची कृती मात्र सविस्तर होती, उकळण्यासकट.