पट आणि पडदा

भोर-वेल्ह्याकडील शाळा पाहून आलो असे कोणास सांगितले की समोरच्या गृहस्थांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे संगणक पोहोचला का हो?" हे गृहस्थ सुशिक्षित, सज्जन आणि बहुधा नातवंडांस शहरातील महागड्या शाळेत घातलेले असे असतात. आम्ही "पोहोचला" म्हणतो आणि त्यांचे समाधान होते. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. संगणक पोहोचला आहे. दूरचित्रवाणीचा रुंद पडदाही पुष्कळ शाळांच्या भिंतीवर लागला आहे, आणि त्यातील कित्येक तर गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून आलेले आहेत. परंतु तो तेथे दिवसभर काय करतो, असे विचारणारा अजून आम्हास भेटावयाचा आहे.

हा मुलूख कसा आहे हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानचे गाव; शेजारच्या वेल्हे तालुक्यास २०२५ साली राजगड हे नाव मिळाले. नावे बदलली, डोंगर मात्र तेच राहिले. रायरेश्वराच्या पठारावरील वस्तीस जावयाचे तर वाटेत लोखंडी शिडी चढावी लागते. भाटघर आणि पानशेत येथील धरणांनी खोऱ्यातील सपाट जमीन पाण्याखाली घेतली आणि माणसे उतारांवर, काठाकाठाने विखुरली. त्यातील तरुण पुढे कामधंद्यासाठी पुण्यामुंबईस गेले. मागे राहिली ती म्हातारी माणसे आणि थोडी मुले. त्यामुळे येथील वाडीवरच्या शाळेचा पट नऊ, सात, चार असा असतो. शिक्षक एक, फार तर दोन. आणि पहिली ते चौथी हे चारही वर्ग एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर.

अशाच एका शाळेत आम्ही श्रावणातील एक दुपार घालविली. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. पट नऊ होता. भिंतीवरील पडद्यावर गुरुजींनी धुतलेले धोतर दुहेरी करून घातले होते. वीज कमीजास्त होऊन तो दोन पावसाळ्यांपूर्वी बंद पडला, आणि दुरुस्तीस माणूस आणावयाचा तर त्याचे जाण्यायेण्याचे पैसे कोणत्या खात्यातून द्यावयाचे हे कोणासच ठाऊक नव्हते. तथापि त्या शाळेत यंत्राचा उपयोग होत नव्हता असे मात्र नाही. गुरुजी रविवारी भोरास घरी गेले की आठवड्याचे पाठ आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेत. वाडीवर संदेशलहरी येतात त्या फक्त देवळामागच्या एका दगडावर. सोमवारी चौथीच्या दोन मुलांपुढे ते तो मोबाईल स्टीलच्या रिकाम्या तांब्यात उभा करून ठेवीत. तांब्यामुळे आवाज मोठा होतो. चौथीची मुले नदीचा उगम आणि संगम ऐकत, तेवढ्यात गुरुजी पहिलीच्या मुलीचा हात धरून 'ळ' गिरवून घेत आणि तिसरीच्या पाट्या तपाशीत. वीस मिनिटांनी तांब्या दुसऱ्या कोपऱ्यात जाई.

आम्ही गेली तीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहो आणि आमच्या वर्गात भिंतभर उजेड पाडणारे यंत्र आहे. ते नसते तर आमचे व्याख्यान अडले असते असे आम्हास प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. आम्ही मुद्दे पडद्यावर आणतो, विद्यार्थी त्यांचे छायाचित्र काढतात आणि उभयपक्षी काम झाले असे मानले जाते! त्या तांब्यातील मोबाईलने मात्र त्या वाडीवर एका शिक्षकाचे दोन केले होते. ज्याला चार वर्ग एकदम सांभाळावयाचे आहेत त्याच्या हाती हे साधन खरोखर कामाचे; ज्याच्यापुढे एकच वर्ग आहे त्याच्या हाती ते बरेचसे शोभेचे. आणि वाटप मात्र नेमके उलट होत आले आहे.

ही गोष्ट नवी नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे आणि मोठा मुलगा धाकट्याला अक्षर गिरवून देई. मद्रासेस अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने देशी मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, ती रीत आपल्या हाताखालच्या अनाथालयात चालविली, १७९७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे ती 'मद्रास पद्धती' म्हणून इंग्लंडातील शाळांत पसरली. फार मुले आणि एक शिक्षक, या अडचणीतून ती वाळू कामास आली होती. उलट १९१३ साली एडिसनने, चलच्चित्रांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच निरुपयोगी होतील असे भाकीत केले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली तरी बालभारतीची पुस्तके दर जूनमध्ये छापून येतच आहेत. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेली एक पिढी आज पन्नाशीकडे झुकली आहे. ती संस्था २०१७ साली बंद करण्यात आली. त्याच सह्याद्रीच्या पलीकडे, कर्जत तालुक्यातील खैराटच्या धनगरवाड्यावर, प्रत्येक मुलाला एक लहान संगणक देण्याच्या अमेरिकन योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली झाला. जगभरातून माणसे तो पाहावयास आली. योजना पुढे मागे पडली. या सर्वांत टिकाऊ निघाली ती एक अगदी साधी युक्ती. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या चौकटीवर मोबाईल धरला की धडा ऐकू यावा अशी सोय केली. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, पण आम्हास त्याहून मोठी वाटते ती गोष्ट ही की ती चौकट आज सबंध राज्याच्या पुस्तकांत आहे आणि तिला दुरुस्तीस माणूस लागत नाही.

येथवर सर्वांचे एकमत होईल. खरा वाद पुढे आहे, आणि त्याचे मूळ वेल्हे तालुक्यातच आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने वीसांहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. नमुना म्हणून दोन उदाहरणे पुढे ठेवण्यात आली : नंदुरबारकडील तोरणमाळ आणि आमच्याकडील पानशेत. कल्पना अशी की, एके ठिकाणी चांगली इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक आणि पुरेसे शिक्षक; आसपासची मुले बसने तेथे आणावयाची. शिक्षकांच्या संघटनांनी आणि अनेक पालकांनी यास विरोध केला. शिक्षणहक्काचा कायदा तर प्राथमिक शाळा मुलापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे सांगतो.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की, या योजनेच्या बाजूने जो युक्तिवाद होतो त्यात यंत्रसामग्री अग्रभागी असते. एवढ्या वाड्यांवर प्रयोगशाळा आणि संगणक कसे देणार, म्हणून मुलांनीच साधनांकडे यावे. परंतु मोबाईल आणि छापलेली चौकट यांचा गुणच असा की ती डोंगर चढून जाऊ शकतात. ज्या साधनाने अंतर नाहीसे व्हावयाचे, त्याच्याच नावाने सात वर्षांच्या मुलास घाटातून बसने आणावयाचे, यात आम्हास विसंगती दिसते. आषाढात या रस्त्यांवर दरड येते. त्या दिवशी मोठी शाळा भरेल, पण वाडीवरचे मूल घरी बसेल. शिवाय १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटल्याची आठवण पुणेकर अजून काढतात; ज्यांची शेते त्या धरणासाठी पाण्याखाली गेली त्यांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. त्यांना एकदा जमिनीवरून उठविले. आता शाळा उठली की वाडीवर थांबण्याचे आणखी एक कारण संपेल.

हे सारे आम्ही त्या शाळेच्या ओसरीवर गुरुजींना बऱ्याच आवेशाने सांगितले. ते ऐकून घेत होते. तिसरीतील एक मुलगी खांबाशी उभी होती. तिला आम्ही विचारले, "काय गं, बसने मोठ्या शाळेत जायला आवडेल का तुला?"

ती म्हणाली, "तिथं खो-खो असतो ना?"

खो-खोच्या एका संघात मैदानावर नऊ गडी लागतात. त्या शाळेचा सबंध पट नऊ.

गुरुजी म्हणाले, "सर, हिच्या इयत्तेत ही एकटीच. पाढे म्हणायला जोडीदार नाही." मोबाईल दुसऱ्या शिक्षकाचे काम करील, दुसऱ्या मुलाचे करणार नाही, हे कबूल केलेच पाहिजे. आम्ही सुचविले की, आठवड्यातून एक दिवस पाच-सहा वाड्यांची मुले एकत्र आणावीत, खेळ आणि प्रयोग तेव्हा व्हावेत, आणि उरलेले पाच दिवस शाळा वाडीवरच भरावी. गुरुजींना कल्पना पसंत पडली. मात्र जीपचे भाडे आणि शाळेचे वीजबिल या दोहोंची तरतूद कागदोपत्री कोठे दाखवावयाची, हे त्यांनी आम्हास विचारले. वीजबिल थकल्यामुळे शाळांचे वीजजोड तोडल्याची वृत्ते महाराष्ट्रात वर्षानुवर्षे येत राहिली आहेत; प्रश्न गैर नव्हता.

या जूनमध्ये त्यांचा निरोप आला. चौथीची दोन मुले पाचवीसाठी भोरास गेली, पहिलीत कोणी दाखल झाले नाही. पट आता सात आहे.