उत्साहाने भाग घेतो

मुलांचा आत्मविश्वास वाढवायचा म्हणून मी सातवीच्या वर्गाला दर शनिवारी ‘माझं यश’ लिहायला लावायचो. लिहून झालं की एकेकाने उभं राहून वाचायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कल्पना माझीच, त्यामुळे तिच्यावर जीव फार.

तालुक्याला धावून आलेल्यांनी, शिष्यवृत्ती मिळवलेल्यांनी पानं भरली. उरलेली मुलं पेनाची टोपणं चावत बसली. मग त्यांनीही तोड काढली. कुणी मामाच्या गावी कुस्ती मारली, कुणी चित्रकलेत पहिला आला. सगळ्या थापा. कळत असून मी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र खोटं बोलेना. ‘काही नाही’ एवढंच वाचून खाली बसला. वर्ग हसला. ‘असं कसं, आठव की!’ म्हणत मी त्याला पुन्हा उभं केलं. त्यानंतर तो शनिवारी यायचाच बंद झाला. सकाळची शाळा, उठवत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

‘हे मला जमेल’ हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः काही पार पाडल्याच्या अनुभवातून. शाबासकीचा जोर त्यापुढे कमी. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली हे मांडलं. परीक्षेत ते लिहून मी मार्कही मिळवले होते. वर्गात मात्र पार पाडणं म्हणजे प्रमाणपत्र, असाच अर्थ लावला.

वहीत ‘काही नाही’ लिहिणारी एक मुलगीही होती. रोज डेअरीत दूध घालून शाळेत यायची. एकदा मधल्या सुट्टीत पावती घेऊन आली. गाईचं दूध, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, म्हणजे दर पूर्ण हवा, मग पैसे कमी कसे? पावतीच्या पाठीवर हिशेब मांडलेला, अगदी बरोबर. संध्याकाळी तिने फरकाचे पैसे वसूलही केले.

“हे शनिवारी का नाही लिहिलंस?”

“ते काय यश आहे, सर? रोजचंच आहे ते.”

मग मी प्रश्न बदलला: दिवाळीआधी जमत नव्हतं आणि आता जमतं, असं काय? मोठ्याने वाचणंही बंद केलं.

त्याच सुमारास स्वतःचं दप्तर उघडलं. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागत. माझ्या नोंदी बाजारातल्या पुस्तकावरून उतरवलेल्या. ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो.’ मुलींपुढे ‘घेते’. शनिवारी न येणाऱ्या मुलापुढेही तेच.

मुलीच्या नावापुढे मी लिहिलं, ‘दुधाच्या पावतीतली चूक शोधते व पैसे वसूल करते.’ केंद्रप्रमुखांनी विचारलं, हे कोणत्या विषयात धरायचं? म्हटलं, गणितात. त्यांनी सही केली. मुलाचं वाक्य मी खोडलं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच लिहिलं. दुसरं काही लिहिण्याइतकी आमची ओळखच झाली नव्हती.