आधी पाणी, मग प्राणी

सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा गावात थंड पाण्याचा प्राणी पाळायचा हट्ट मी एकदा केला. ॲक्सोलॉटल: मेक्सिकोचा सॅलॅमँडर, मानेशी पिसांसारखे गुलाबी कल्ले, चेहऱ्यावर कायमचं हसू. टाकी धुतली, भरली, पिशवी सोडली. सगळं एका संध्याकाळी. मग बर्फाच्या बाटल्या बदलत बसलो. मला झोप लागली की पाणी पुन्हा तापायचं. मे सरायच्या आत टाकी रिकामी झाली. हसू मात्र शेवटपर्यंत तसंच होतं, कारण ती नुसती तोंडाची ठेवण. त्रास कल्ल्यांत दिसतो. ते पुढे वळले होते. मला वाचता आलं नाही.

पुढच्या खेपेला मी आधी सव्वा महिना नुसतं पाणी पाळलं. विष्ठेतून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती फिल्टरच्या स्पंजात वसेपर्यंत टाकी लोणच्यासारखी मुरू द्यावी लागते. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, चिलरने पाणी 16 ते 18 अंशांवर धरलं, तळाची खडी काढली (भक्ष्याबरोबर तीही ॲक्सोलॉटल गिळतो), तेव्हा कुठे प्राणी शोधायला निघालो.

तोही कागद बघून. हा प्राणी वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ करारात आहे; 2024च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा ‘कागदाचं नंतर बघू’ म्हणाला की मी चपला घालतो.

गेल्या वर्षी साताऱ्याचा एक कॉलेजातला पोरगा आला. “काका, एक पिल्लू द्या ना.” मी त्याला थर्मामीटर दिला. “महिनाभर रोज दुपारी टाकीचं पाणी मोज, वहीत लिही.” वहीतला सर्वांत कमी आकडा 29 होता. चिलरची किंमत आणि प्राण्याचं दहा-पंधरा वर्षांचं आयुष्य ऐकून तो स्वतःच म्हणाला, “नको, काका.”

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत, पण उभयचरांतलं त्यांचं भावंड आहे: बिनपायाचं देवगांडूळ. 2004 मध्ये कोयना परिसरातल्या एका जातीला शास्त्रीय नावात महाराष्ट्राचं नाव मिळालं. पोराला मी तिकडे धाडलं. तुम्हीही पावसाळ्यात जा. साप समजून मारू नका, गंमत म्हणून उचलून आणू नका. त्याचं पाणी आणि त्याची माती तिथेच मुरलेली आहे.