कवडी

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी चार-दोन कोंबड्या असतातच. पण आईचा कळप वर्षानुवर्षं टिकला तो कवडीमुळे. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, तुरा जेमतेम, दिसायला काही विशेष नाही. अंडीही बेताचीच. बारा-पंधरा घातली की बाई खुडूक.

तिचं मोल त्या खुडूकपणातच होतं. अंड्यांसाठी पैदा केलेल्या जाती वर्षाला 300 पर्यंत अंडी घालतात, पण त्यांची बसण्याची ओढ पैदाशीतच जवळजवळ निघून गेलेली असते. पिल्लं काढायला मशीन लागतं. गावठी कोंबडी साठ-सत्तर घालते, पण कळप स्वतःच वाढवते.

कवडी पिसं फुलवून गुरगुरायला लागली की आई पाटीत राख पसरायची, वर भाताचं पिंजर. राखेनं पिसवा होत नाहीत. अंडी रात्रीच मांडायची. मग 21 दिवस कवडी तिथून हलायची नाही. दिवसातून एकदा खाली उतरायची, दाणापाणी उरकून धुळीत लोळायची आणि अंडी गार व्हायच्या आत पुन्हा पाटीत. चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून फिरवायची, कडेची आत, आतली कडेला. आठवड्यानं आई बॅटरीच्या उजेडात अंडी पाहायची. आत तांबड्या शिरा दिसल्या की जीव धरला. नितळ दिसलं की वांझ, ते बाजूला. शेवटच्या दोन दिवसांत अंड्यांतून बारीक चिवचिव यायची आणि कवडी हलक्या आवाजात उत्तर द्यायची. आई मला कान लावायला सांगायची. इतकं हळुवार बोलणं मी त्या परसात दुसरं ऐकलं नाही.

कोंबडा एकच ठेवायचा, हा आईचा नियम. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. दुसरा माजावर आला की भांडणं लागतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटली जातात. जादा नर आखाडात जायचे. राहिला तांबडा. दाणा सापडला की स्वतः न खाता टुकटुक करून कोंबड्यांना बोलवायचा. कुत्रं किंवा मुंगूस दिसलं की कटकटाट, पण आकाशात घार दिसली की एकच लांब, बारीक सूर. त्या सुरासरशी कवडी पंख पसरून बसायची आणि पिल्लं पोटाखाली गडप. एकदा घार थेट परसात उतरली. कवडी उडून तिच्या अंगावर गेली. शेपटीची पिसं गेली, पिल्लू मात्र एकही गेलं नाही.

एका उन्हाळ्यात गावात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. पंख गळलेले, हिरवट पातळ शी, मग मान वळते आणि खेळ संपतो. लागण झाल्यावर औषध नाही. आजूबाजूची खुराडी ओस पडली. आमच्या पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात पडलेला होता, मोठ्यांना आर-टू-बी लसीचं इंजेक्शन झालं होतं. आमचं खुराडं राहिलं.

म्हातारपणी कवडीची अंडी थांबली. ‘तिला सुरी लागायची नाही,’ आईनं सांगून टाकलं. ती आपल्या मरणानं गेली. आज परसात आहेत त्या सगळ्या तलंगा तिच्याच वंशातल्या.

परसात कोंबड्या पाळणार असाल तर चांगली बसणारी एक गावठी कोंबडी आधी शोधा. आणि लसीसाठी एकटे जाऊ नका. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची लस असते, ती बर्फातच आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी एकच संध्याकाळ ठरवा, कोंबड्या डालल्या की कुपी फोडा आणि घरोघर फिरून थेंब टाका.