आईच्या दिवाणातल्या चारशे बाटल्या

परवा मावसबहिणीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "तुझं ते क्रीमचं कसं चाललंय गं?" आणि मी नेहमीप्रमाणे "चाललंय" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं झाली, अजून क्रीमच?

तर मंडळी, आणि इथे गुपचूप वाचून जाणाऱ्या समस्त मावश्या-आत्यांनो, ते क्रीम नाही. २०१९ च्या दिवाळीत मी आणि माझ्या मैत्रिणीने नोकऱ्या सोडून जे सुरू केलं त्याला 'सेक्शुअल वेलनेस' म्हणतात. सरळ सांगायचं तर संबंधांच्या वेळी कोरडेपणामुळे दुखू नये म्हणून लावायचं जेल, आणि जोडीला कंडोम. जेल एका कारखान्यातून आमच्या नावाने बनवून घ्यायचो, कंडोम घाऊक व्यापाऱ्याकडून. (वाचताय ना अजून? बरं.)

सुरुवातीचे चार महिने नुसती गंमत होती. एका ठिकाणी आमची जाहिरात 'प्रौढांसाठीचा मजकूर' म्हणून परत आली. जाहिरातीत होतं काय, तर एक बाटली आणि कोरफडीचं पान! र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि अश्लीलतेचे खटले झेलले. त्या मानाने कोरफडीचं पान परत येणं म्हणजे काहीच नाही, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. पण खरी गोष्ट अशी की कर्वे सगळं उघड लिहीत होते, आणि मी घरच्यांना क्रीम सांगत होते.

आमचा सगळा भर एका गोष्टीवर होता. कोरा डबा. वर ना नाव, ना चित्र. आत काय आहे ते कुणाला कळणार नाही.

मग आला मार्च २०२०. नऊ तारखेला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर चारच दिवसांनी आई कराडहून आठ दिवसांसाठी म्हणून आली, आणि चोवीस तारखेला रात्री आठ वाजता एकवीस दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं. आई अडकली. आता आमचं कोथरूडचं घर लहान, माल ठेवायला गोडाऊन कुठलं? चारशे बाटल्या हॉलमधल्या दिवाणात होत्या. आणि आई त्याच दिवाणावर झोपत होती :)

नवऱ्याचे मित्र फोनवर म्हणायचे, "मजा आहे बुवा तुमची! लोकांना दुसरं काम काय आता!" ऑर्डरी आल्याही. पहिल्या आठवड्यात एकसष्ट. पण कुरियरवाला म्हणाला, "मॅडम, औषध आणि किराणा सोडून काही उचलत नाही." कंडोम सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, ते जाऊ शकले असते. पण जगातल्या दर पाचांतला एक कंडोम बनवणारी मलेशियातली कारेक्स कंपनी तिथल्या टाळेबंदीत काही दिवस बंद पडली, टंचाईच्या बातम्या आल्या आणि आमच्या व्यापाऱ्याने 'माल नाही' म्हणून हात वर केले. थोडक्यात, जे पाठवता येत होतं ते आमच्याकडे नव्हतं, आणि जे होतं ते पाठवता येत नव्हतं. माझे दोन लाख चाळीस हजार आईच्या गादीखाली पडून होते.

पण खरा धक्का पुढेच होता. ऑर्डरी रद्द होऊ लागल्या. मी एकेकीला फोन केले तेव्हा कारण कळलं. आठवतंय ना, त्या दिवसांत दारात आलेल्या डब्याचं काय व्हायचं? सासरे काठीने ढकलत आत घ्यायचे, सासूबाई त्यावर सॅनिटायझर मारायच्या, मग तो दारातच उघडून आतली वस्तू धुऊन गॅलरीत वाळत ठेवायची! ज्या डब्याचा आम्हाला एवढा अभिमान होता, तो सहा माणसांच्या घरात सगळ्यांसमोर उघडला जाणार होता. उलट कोरा म्हणून त्याचंच जास्त कुतूहल. आम्ही डब्याचा विचार केला होता, घराचा केलाच नव्हता.

चौकशीचा नंबर म्हणजे माझाच मोबाईल. तो वाजला की मी गच्चीवर पळायचे. एप्रिलच्या शेवटी एक फोन आला, सांगलीहून. बाई म्हणाल्या, "मी गच्चीवर कुरडया घालायला आलेय. दहा मिनिटं आहेत माझ्याकडे." वय चोपन्न. पाळी थांबून तीन वर्षं झालेली. नवरा आता दिवसभर घरात. दुखतं, पण सांगायचं कुणाला? "मला काही रोग झालाय का हो ताई?"

मी म्हटलं, "नाही हो काकू. पाळी थांबली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. कितीतरी बायकांना होतं. जेलने बरं वाटतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडे त्यावर औषधही आहे." त्यांनी खोबरेल तेलाचं विचारलं. तेलाने कंडोमचं रबर कमकुवत होतं, त्यामुळे कंडोम वापरणाऱ्यांनी ते टाळायचं, हे सांगितलं. आणि हेही सांगितलं, की पाळी थांबून वर्ष उलटल्यावर कधी रक्त दिसलं तर मात्र लॉकडाऊन असो नसो, डॉक्टरांना दाखवायचंच. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझंच काही चुकलेलं नाही." आणि फोन ठेवला. ऑर्डर दिलीच नाही.

मागे वळले तर दारात आई उभी होती. हातात वाळत घालायच्या कपड्यांची बादली.

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मूग निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "तुझे बाबा असताना, शेवटची बारा वर्षं, मी त्यांना सांगून टाकलं होतं, मला आता नको म्हणून. का ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी बिघडलंय. त्यांना वाटलं असेल, मला ते नकोसे झालेत."

मला काय बोलावं सुचेना. बाबा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी परक्या बायकांना दहा दहा मिनिटं समजावत होते, आणि आईला मात्र क्रीम सांगितलं होतं.

मग तीच म्हणाली, "त्या सांगलीच्या बाईंना पाठव की एक."

"कुरियर बंद आहे गं. आणि घरात सगळ्यांसमोर उघडलं जाईल."

"मग घरी पाठवूच नका. त्यांना बाजारात जावं लागतंच ना? तिथून घेऊ देत."

एवढी साधी गोष्ट! मे संपता संपता कुरियर सुरू झालं तेव्हा आम्ही तेच केलं. ऑर्डर देताना 'कुरियरच्या ऑफिसातून स्वतः घेईन' असा पर्याय ठेवला. दिवाण रिकामा व्हायला नोव्हेंबर उजाडला. नफा झाला म्हणाल तर नाही. २०२१ मध्ये मैत्रीण पुन्हा नोकरीला लागली, तिच्या घराचे हप्ते होते. मी एकटीच चालवते, छोटंसंच.

सांगलीच्या काकूंचा जूनमध्ये पुन्हा फोन आला. एक बाटली घेतली. ऑगस्टमध्ये दोन. "एक माझ्या जावेसाठी," म्हणाल्या.

हे सगळं आईला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिही. पण नावं घालू नकोस, आणि त्यांना दोष देऊ नकोस." नाही देत, आई. दोष कुणाला द्यायचा? दोघंही एकाच घरात होती, आणि कुणी कुणाला विचारलं नाही, एवढंच.

असो. ताई, तू हे वाचत असशीलच. पुढच्या वेळी क्रीम म्हणू नकोस. आणि तुला काही विचारायचं असेल तर रात्री नवानंतर कर, मी गच्चीवर असते.